पाडव्याला वाहून गेलेली फौज

मी माझ्या सासऱ्यांना जिवंतपणी कधी पाहिलं नाही. पण गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, मी त्यांना पाण्यात बुडवलं.

हे वाचून कोणी पोलिसांत जाऊ नये म्हणून सगळं नीट सांगतो. सासरे वारले त्याला तीस वर्षं झाली. आमचं लग्नच त्यांच्या माघारी झालं. त्यांचा धड एक फोटो नाही. फोटोवाल्यानं बटण दाबलं रे दाबलं, की हा माणूस नेमकी मान हलवायचा! घरात जो एकुलता एक फोटो आहे त्यात सदरा दिसतो, धोतर दिसतं, आणि वर चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. आमची सुमन (म्हणजे माझी बायको) त्या धुराला रोज हात जोडते.

सुमनचा थोरला भाऊ म्हणजे रावसाहेबदादा. गंगापूरकडं ऊस आणि कापूस करतो, आणि मिशा अशा ठेवतो की दारातून आधी त्या आत येतात. या दादांचं आणि आमचं सहा वर्षं येणं-जाणं बंद, बोलणं बंद. चूक कोणाची? माझी! शंभर टक्के माझी! पण हे मी आज लिहितोय. सहा वर्षं मी ते चहा पितानासुद्धा कबूल केलं नव्हतं.

झालं असं, की दादांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. जावयाचं नाव पत्रिकेत कुठं छापलंय, यावर आमच्याकडं माणसं जगतात आणि मरतात. मी चष्मा लावून शोधायला बसलो. निमंत्रकांत मी नाही. ‘आपले विनीत’मध्ये चुलत जावई, मावस जावई, एक तर नुसता साखरपुडा झालेला जावई, पण मी नाही! शेवटी सापडलो. अगदी तळाशी, फुग्यांच्या चित्राशेजारी, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ या बालगोपाळांच्या यादीत. चि. बंटी, कु. पिंकी, चि. सोनू आणि चि. भास्कर!

वय वर्षं चव्वेचाळीस. चितेगावच्या कंपनीत स्टोअरकीपर. हाताखाली चार माणसं. आणि मी म्हणतोय, यायचं हं!

छापखान्यात कागद खालीवर झाले होते. दादांनी फोन करून तीनदा सांगितलं. पण तोवर पत्रिका कंपनीत पोचली होती, आणि गेटवरचा वॉचमनसुद्धा मला "काय भास्करबाळ" म्हणायला लागला होता. मी लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या ऐन वेळी सुमनला घेऊन तरातरा निघालो. दादा मांडवाच्या दारापर्यंत मागं आले. "दाजी, दोन घास खाऊन जावा. एवढ्या माणसांत माझी शोभा करू नका." मी गाडीला किक मारली. (वाटेत ढाब्यावर मी दोन प्लेट शेवभाजी खाल्ली. सुमननं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.) तिथून पुढं सुमनला माहेर राहिलं नाही. भाऊबीजेला तिनं सहा वर्षं चंद्राला ओवाळलं. मी गॅलरीत तिच्या मागं उभा राहायचो आणि चंद्राकडं बघायची मलाच लाज वाटायची.

गेल्या दसऱ्याला बीड बायपासच्या आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. सुमननं माझ्या चोरून दादांना फोन केला होता. आणि दादा आले! एसटीनं, घामाघूम, काखेत सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी दरवाजाएवढं घेऊन. माझ्याकडं न बघता त्यांनी ते सोफ्यावर टेकवलं आणि सतरंजी सोडली.

फ्रेम केलेलं चित्र होतं. जुन्या काळच्या कोण्या चित्रकारानं काळ्या शाईनं काढलेलं, त्याची मोठी छपाई. गावच्या वेशीतून फौज लढाईला निघालीय. अकरा घोडेस्वार, भाले, ढाली, धुरळा. वेशीत बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या. आणि सगळ्यात मागचा, अकरावा स्वार मान वळवून घराकडं बघतोय. उभट चेहरा, पोपटासारखं नाक, पाखरांनी बसावं असे कान, आणि मिशीचं एक टोक वर तर एक खाली.

"अगं बया! बाबा!" सुमन किंचाळली, आणि भटजींचा मंत्र चुकला.

"व्हय," दादा म्हणाले. "गंगापूरच्या बाजारात दिसले. मी मोटारसायकलवरून पडता पडता राहिलो बघ. सुमे, हे भिंतीवर लावून ठेव. भाऊबीजेला येतो. बाबा भिंतीवर दिसले, की त्यांच्यासमोर ओवाळून घीन, जेवून बी जाईन. आज नुसतं पाणी दे."

"आणि दादा, ह्यांच्याशी..."

"ते बाबांच्या समोरच बघू," दादा म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. म्हणजे सहा वर्षांचं सगळं प्रकरण आता एका खिळ्यावर लटकणार होतं. आणि तो खिळा मारायचा होता मी!

दसरा ते दिवाळी वीस दिवस असतात. वीस दिवस सुमन म्हणत होती, "अहो, तेवढं चित्र लावा." आणि वीस दिवस मी म्हणत होतो, "अगं, एका खिळ्याचं तर काम आहे!" आळस हे कारण होतंच, पण शास्त्रही आडवं आलं होतं. वरच्या मजल्यावरचे जाधव मास्तर चित्र बघून गेले आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "भास्करराव, आधीच लढाईचं चित्र, त्यात फौज निघालेली. दाराकडं तोंड करून लावलीत तर घरातली लक्ष्मी त्यांच्या मागोमाग निघंल बरं का! तोंड आत पायजे."

"नाही लावलं तसं तर?"

"मग काय, भांडणं! सोयऱ्याधायऱ्यांत वितुष्ट!"

वितुष्ट माझ्याकडं आधीच भरपूर होतं, त्यात भर नको. आमच्या हॉलच्या चारही भिंतींसमोर मी चित्र धरून उभा राहिलो. एका भिंतीवर फौज दारातून बाहेर चालली होती, एका भिंतीवर स्वयंपाकघरात घुसत होती, एका भिंतीला नुसती खिडकीच. उरली एकच, बाथरूमला लागून असलेली. तिथं फौज कशी शिस्तीत घराच्या आत येत होती! पाडव्याला सकाळी मी कंपनीतून आणलेलं ड्रिल मशीन त्या भिंतीला लावलं.

बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, हे मला ठाऊक होतं. मी स्टोअरकीपर आहे, पाइप माझ्या हातानं मोजून देतो! पण माणूस हातात ड्रिल मशीन धरतो तेव्हा त्याचा मेंदू खुंटीला टांगलेला असतो. घर्रर्र केलं, आणि भिंतीतून अंगठ्याएवढी धार सुसाट बाहेर आली. आदल्या दिवशीच नळाला पाणी आलेलं, गच्चीवरची टाकी काठोकाठ. धार माझ्या तोंडावर, तिथून टीव्हीवर, तिथून फराळाच्या चिवड्यावर!

"अहो, काय केलंत?" करंज्या सोडून सुमन धावत आली.

"काही नाही! थोडं पाणी आहे!" मी गुदमरत ओरडलो. मी भोकावर तळहात ठेवला, तर एकाच्या पाच धारा झाल्या. काहीतरी सपाट पाहिजे होतं. सपाट, रुंद, दाबून धरता येईल असं. हाताशी आलं ते उचललं आणि दोन्ही हातांनी भिंतीला गच्च दाबलं. काय अक्कल चालवली, असं वाटून मला स्वतःचं कौतुकही वाटलं. "जा, वर जाऊन कॉक बंद कर!" मी आज्ञा सोडली. सुमन जिना चढून गच्चीवर गेली, कॉक सापडेना, मास्तरांना उठवलं, मास्तरांना चष्मा सापडेना. अशी दहा मिनिटं मी खांबासारखा उभा. पाणी थांबलं, तेव्हा मी हातातल्या सपाट वस्तूकडं पाहिलं.

अकरातले दहा घोडेस्वार गेले होते. भाले पातळ होऊन ढालींत उतरले होते, घोड्यांची एकमेकांत खीर झाली होती, वेशीतल्या बायांच्या आरत्यांसकट सगळी फौज काचेच्या तळाशी काळं पाणी होऊन साचली होती. फक्त डाव्या कडेला, जिथं धार पोचली नाही तिथं, अकरावा स्वार कोरडा ठणठणीत. सासरेबुवा मान वळवून माझ्याकडं बघत होते.

मला वाटलं, आता सुमन भडकेल. ती भडकली असती तर बरं झालं असतं. ती ओल्या फरशीवर तशीच बसली, पदरानं काच पुसायला लागली आणि एवढंच म्हणाली, "सहा वर्षांनी येतोय हो तो. उद्याच येतोय." त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चि. भास्कर हेच नाव मला शोभतं, असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

मी चित्र काखेत मारलं आणि ओल्या कपड्यांनी स्कूटरवर गुलमंडीचा बाजार गाठला. पाडव्यामुळं फ्रेमवाल्यांची दुकानं बंद. एका गल्लीत एक म्हातारे चाचा तेवढे दुकान उघडून खिळे निवडत बसले होते. त्यांनी चित्र उजेडाला धरलं.

"या खुदा! साहब, फौज तो पूरी बह गई!"

"चाचा, ह्या चित्राची दुसरी कॉपी द्या. आत्ताच्या आत्ता!"

"ये नक्को मिलती साहब. ये वाली खतम हुई." त्यांनी माळ्यावर अर्धा तास खुडबुड करून एक भेंडोळं काढलं. "ये देखो. ये भी पुरानी ड्रॉइंग, ये भी लढाई को जा रहे. घोडे हैं, भाले हैं, औरतां हैं. जानेवाले होना ना? जा रहे! बस!"

"पण ह्यात आमचे सासरे नाहीत!"

चाचांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. डोक्यातही पाणी गेलंय का, हे बघत असावेत. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. बहीण, भाऊ, पत्रिका, किक, चंद्र, सगळी! ऐकून चाचांनी खिळे बाजूला सारले आणि कात्री घेतली. "भाई-बहन का मामला है. रुको. सुसरे को काटके इधर बिठाते."

आणि खरंच, काय हात होता त्या माणसाचा! अकराव्या स्वाराला घोड्यासकट कापून काढलं, दुसऱ्या चित्रात वेशीपाशी, सगळ्यात मागं, नेमकं चिकटवलं. कड दिसेना, जोड दिसेना. मी आनंदानं चाचांचे हात धरले. चाचा मात्र मान तिरकी करून बघत होते.

"साहब, एक गडबड है. पहलेवाली फौज डावीकडनं उजवीकडं जा रही थी. ये उजवीकडनं डावीकडं जा रही."

"मग?"

"मग क्या? सब लोगां लढाई को जा रहे. सुसरे अकेले घर को वापस आ रहे."

मी पाहिलं. दहा-बारा घोडे धुरळा उडवत डावीकडं दौडतायत, आणि सासरेबुवांचा घोडा उजवीकडं, सरळ वेशीतून आत! वर त्यांची मान वळलेली, म्हणजे ते आता घराकडं नाही, फौजेकडं बघत होते. ‘तुम्ही व्हा पुढं, मी आलोच!’

"चाचा, उलटा करून चिकटवा ना!"

"उलटा किया तो कोरा कागद दिखता साहब. पीछे सुसरे छपे नहीं!"

"राहू द्या," मी म्हणालो. "एवढं कोण बारकाईनं बघतंय?" (हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा उच्चारलंय, तेवढ्या वेळा कोणीतरी बारकाईनं बघितलंय.)

भाऊबीजेला सकाळी पाइप सांधून, भिंतीतलं भोक बुजवून, वर चित्र लावून मी घाम पुसतोय तोच बेल वाजली. आधी मिशा आत आल्या, मग दादा. सुमननं पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. नवी साडी नेसून ती दारामागं उभी होती. दादांनी चपला काढल्या आणि सरळ चित्रासमोर जाऊन हात जोडले. डोळे मिटले. उघडले. मग हात जोडलेलेच राहिले आणि मान हळूहळू एका बाजूला कलली.

"दाजी," सहा वर्षांनी त्यांनी मला हाक मारली. "बाबा कुठं निघाले?"

"कुठं म्हणजे... लढाईला," मी म्हणालो. "सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांबरूबर? सगळे तिकडं, बाबा इकडं!" दादांचा आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार. "ह्यो माझा बाप लढाई सोडून पळतोय व्हय? सगळ्या गावाच्या बायांसमोर? दाजी, तुम्ही माझ्या बापाला पळपुटा केला!"

झालं! दादा चपलांकडं वळले. मांडवाच्या दारातला तो दिवस मला आठवला, फक्त आता किक मारणारा दुसरा होता. आणि माझं काय झालं कुणास ठाऊक, मी आडवा जाऊन दारातच बसलो. फरशीवर. फतकल मारून!

"दादा, चूक माझी! पाइप मी फोडला, फौज मी बुडवली, बाबांना मी कापलं! आणि त्या दिवशी पंगतीतून उठलो ती पण माझीच चूक. छापखान्याची नाही, तुमची नाही, माझी! वाटेत मी शेवभाजीसुद्धा खाल्ली! दोन प्लेट! मला काय म्हणायचं ते म्हणा, पण सुमीनं सहा वर्षं चंद्राला ओवाळलंय हो. आज जाऊ नका!"

दादा मला ओलांडून जावं की उचलून बाजूला ठेवावं, या विचारात. शेवभाजीचं ऐकून सुमननं एकदा माझ्याकडं असं बघितलं की ते प्रकरण नंतर होणार हे मला कळलं. मग ती चित्रापाशी गेली.

"दादा, इकडं ये. नीट बघ. बाबा कधी एका दमात घराबाहेर गेले होते का रे?"

दादा थबकले.

"बाजाराला निघाले की वेशीतून परत. चुन्याची डबी राहिली. पुन्हा निघाले की पुन्हा परत. डबी मिळाली, चुना नाही. मला शाळेत घालायला निघाले तेव्हा काय झालं?"

दादांच्या मिशा हलल्या. "वेशीतनं परत आले," ते म्हणाले. "तुलाच घरी विसरले होते."

"आणि आई काय म्हणायची?"

"हा माणूस लढाईवर जरी निघाला ना..." दादा बोलता बोलता चित्राच्या जवळ गेले, पार काचेला नाक लागेपर्यंत. "सुमे! सुमे, तलवार नाय!"

मीही उठून पाहिलं. खरंच नव्हती! तलवारीचा हात भिजलेल्या बाजूला होता, चाचांच्या कात्रीनं तो तेवढा सफाईनं उडवला होता, आणि घाईत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाकीच्या एकूणएक स्वारांच्या हातात काही ना काही. सासरेबुवा तेवढे रिकामे.

"तलवार विसरून परत येईल!" दोघं भाऊ-बहीण एकदमच ओरडले, आणि मग असे हसले, असे हसले, की हसता हसता दादा पाटावरच बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "आले गं सुमे, बाबा घरला आले!" सुमनही रडत होती, रडत रडतच तिनं कुंकू लावलं, ते कपाळाऐवजी नाकावर लागलं, पण ओवाळलं. चंद्राला नाही, भावाला! मी कोपऱ्यात उभा राहून नाक ओढत होतो. दादांनी डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, तिथं काय उभं राहिलात? बसा पंगतीला. आन् आज उठलात तर तंगडं मोडीन."

दादा अकरा पुऱ्या जेवले. जाताना पुन्हा एकदा चित्रासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "चुकून का हुईना, चांगलं काम केलं तुम्ही." सहा वर्षांचं ओझं उतरलं. मी त्या दिवशी स्वतःवर एवढा खूश होतो की मास्तरांना वर जाऊन फराळ देऊन आलो.

आता रोज सकाळी सातला गंगापूरहून फोन येतो. "सुमे, बाबा काय म्हणतात?" इथून सुरू होतं, ते ऊस, कापूस, म्हैस, शाळेतल्या बाई करत करत माझ्या कंपनीच्या बसची वेळ होते तरी संपत नाही. सहा वर्षांचं साठलेलं आहे, आणि ते साठवलंय कोणी? मीच! काल मी अंघोळ करून बाथरूममधून टॉवेल मागितला. एकदा मागितला, दहादा मागितला. कुडकुडत, दात वाजवत, भिंतीवर थापा मारत मागितला. बाहेर गप्पा चालूच. शेवटी पंचवीस मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि टॉवेल आत आला, तोही एवढ्यासाठीच की फोनवर दादांना माझं ओरडणं ऐकू गेलं आणि गंगापूरहून त्यांनी सांगितलं, "अगं सुमे, कवाधरनं कुणीतरी वरडतंय बघ तुझ्या घरात!"